चंदनाचा वास लागलेलं कोकरू

मागच्या थंडीत मी नुकतंच जन्मलेलं मेंढीचं कोकरू चंदनाच्या साबणानं धुतलं. टॉवेलनं पुसलं आणि वर पावडर लावली.

हे मी पूर्ण शुद्धीत केलं. दिवसाउजेडी, स्वतःच्या घराच्या पोर्चमध्ये. आणि करताना गाणं गुणगुणत होतो, असं समोरच्या घरातल्या काकू सांगतात. मला तसं काही आठवत नाही. पण त्या दिवसाच्या बाबतीत कॉलनीत माझ्या आठवणीपेक्षा काकूंच्या आठवणीला मान जास्त आहे, म्हणून मी वाद घालत नाही.

जुळे सोलापूरसारख्या शहरी वस्तीत मेंढी कुठून आली, हे आधी सांगायला हवं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. मी तेवढा शिकलो, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागलो आणि इथं एक छोटं रो-हाऊस घेऊन त्यात घुसलो. माझी थोरली बहीण, अक्का, मेंढरांतच राहिली. तिला दिली माळशिरसच्या बाजूला, तेही मेंढरांच्याच घरात. तिला माझ्या शिक्षणाचं कौतुक आहे, पण ते लांबून. जवळ आली की कमी होतं.

त्याच्या आदल्या वर्षी अक्काच्या कळपात रोग शिरला होता. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, मग धाप. डॉक्टर त्याला पीपीआर म्हणतात. आपल्या गोवराचा हा चुलतभाऊ, फक्त शेळ्यामेंढ्यांना होणारा. त्यावर लस आहे, पण अक्काच्या वस्तीवर लसीच्या आधी रोग पोचला. निम्म्याहून जास्त कळप गेला. एक कोवळी मेंढी मात्र आजारी पडून, मान टाकून, पुन्हा उठली. अक्कानं मनात धरलं की आता कळप उभा राहील तर हिच्यापासून. हिला मादी कोकरू झालं तर त्याला, मग त्याच्या कोकरांना, असा तिचा पुढचा हिशेब.

ती मेंढी त्या थंडीत पहिल्यांदा गाभण होती. दिवस भरत आले आणि शेजारच्या वस्तीवर पुन्हा रोग आल्याची बातमी आली. दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, कळप घेऊन लांबच्या रानात जायचं ठरवलं. पण पोट जड झालेली मेंढी एवढं चालणार कशी? फोनवर हे ऐकताच मी छाती काढून म्हणालो, "अक्का, इकडं आण तिला. आमच्याकडं विलगीकरण होईल."

"काय हुईल?"

"वेगळी राहील गं. रोगापासून लांब."

"तुज्या बायकूला इचारलंस का?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी छोट्या टेम्पोतून अक्का, मेंढी, दोन घोंगड्या आणि भाकरीचं गाठोडं दारात उतरलं, तेव्हा माझ्या बायकोला ते कळलं. ती बँकेत नोकरी करते. समोर काहीही उभं राहिलं तरी चेहरा न बदलणं हा तिच्या नोकरीचा भाग आहे. तिनं मेंढीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "स्कूटर कुठं लावायची मग?"

स्कूटर गेटाबाहेर गेली. मेंढी पोर्चमध्ये आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको बँकेत गेली. अक्काला एक घोंगडी शुक्रवार पेठेत ओळखीच्या घरी पोचवायची होती. रिक्षात बसता बसता तिनं मला बजावलं, "आज काय ती येत न्हाय, उद्याच्याला येईल. पर काय झालंच, तर तू हात लावू नको. मला फोन कर अन् बसून बगत ऱ्हा."

मी "व्हय" म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच एक मोकाट शेळी आमच्या गेटाशी आली. आमच्या भागात अशा शेळ्या फिरत असतात, कुणाच्या ते कुणी विचारत नाही. तिनं गजांमधून तोंड आत घातलं. मी बघितलं, तर तिचं नाक वाहत होतं. मी खराटा घेऊन तिच्यामागं धावलो, ते थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. परत येऊन बघतो तर आमची मेंढी आडवी पडलेली, आणि तिच्या मागं फरशीवर एक ओलं, पिवळसर, वाफाळतं गाठोडं हलत होतं.

मी अक्काला फोन लावला. तो आमच्याच घरात, तिच्या पिशवीत वाजला.

आता बसून बघत राहायचं, एवढंच काम उरलं होतं. पण तीस वर्षं वर्गात उभं राहून बोलत आलेल्या माणसाला बसून बघणं जमत नाही हो. माझ्या डोळ्यांसमोर त्या शेळीचं वाहतं नाक होतं. शेळीमागं खराटा घेऊन धावलेला माझा तोच हात फोनच्या नादात कोकराजवळच्या फरशीला लागला होता. कोरोनाच्या साथीत मी आमच्या कॉलनीचा साबणमहर्षी होतो. तोंडाला मास्क लावून प्रत्येक गेटापाशी उभा राहून सांगायचो, की या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं, साबण ते आवरण फोडतो, आवरण फुटलं की विषाणू संपला. बोललो ते शास्त्राला धरूनच होतं. पीपीआरच्या विषाणूलाही तसंच चरबीचं आवरण असतं, हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना चिकटवून मी जी तिसरी गोष्ट केली, ती म्हणजे बाथरूममधून बायकोचा चंदनाचा साबण आणला.

कोमट पाणी. साबण. पुन्हा पाणी. कोकरू बिचारं थरथरत होतं, म्हणून चांगल्या टॉवेलात गुंडाळून पुसलं. मादी होती. मला इतका आनंद झाला की त्या भरात पावडरही लावली. मग फरशीवर फिनेल ओतून सगळं घासून काढलं, जन्माचा एक थेंब शिल्लक ठेवला नाही. आणि मग ते पांढरंशुभ्र, सुगंधी बाळ मी मोठ्या थाटात त्याच्या आईपुढं उभं केलं.

मेंढी उठली. तिनं नाक पुढं केलं आणि कोकराच्या अंगावरून फिरवलं. मला वाटलं आता चाटेल. तिनं पुढचा पाय फरशीवर आपटला आणि कोकराला अशी ढुशी दिली की ते स्कूटरच्या रिकाम्या जागेत जाऊन पडलं.

कोकरू उठलं, पुन्हा आईकडं गेलं. पुन्हा ढुशी. तिसऱ्यांदा मी मध्ये पडलो, ती ढुशी मला बसली.

अक्का आली तेव्हा मी कोकराला मांडीवर घेऊन पायरीवर बसलो होतो आणि मेंढी कोपऱ्यात आमच्याकडं पाठ करून उभी होती. अक्कानं गेट उघडलं आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. तिनं हवेत वास घेतला.

"कुणाचं लगीन हाय हितं?"

मी सगळं सांगितलं. शेळीचं, नाकाचं, साबणाचं, फिनेलचं. पावडरचं सांगितलं नाही, पण ती दिसत होती.

अक्का माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला, कोकराला माझ्या मांडीवरून उचललं आणि त्याच्या मानेला नाक लावून हुंगलं. "पहिलारू हाय ती," हळू आवाजात म्हणाली. "तिला आदीच काय कळंना. चाटू दिलं असतंस तर चाटता चाटता कळलं असतं. आता हे तिला दुसऱ्याचं वाटतंय."

"मग बाटलीनं पाजू की."

"परवा मी कळपात जानार. दिसभर चालायचं. बाटली कोन धरनार, तू येतोस?"

तेव्हा मला कळलं की काय पणाला लागलंय. आईनं जवळ घेतलं नाही, तर चालत्या कळपात हे कोकरू जगणार नव्हतं. अक्काचा तो पुढचा सगळा हिशेब एका साबणाच्या वडीवर येऊन थांबला होता.

आणि मग मला दुसरी गोष्ट आठवली, तेव्हा मी खरंच डोक्याला हात लावला. ही मेंढी त्या रोगातून उठलेली. म्हणजे तिच्या रक्तात त्या विषाणूला ओळखून धरणारी प्रतिपिंडं तयार. मेंढीच्या पोटात असताना ती कोकराला मिळत नाहीत. ती उतरतात चिकात, त्या पहिल्या घट्ट पिवळ्या दुधात. आणि कोकराचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेतं, पण फक्त जन्मानंतरच्या थोड्या तासांत. पुढं ते दार बंद होतं. म्हणजे रोगावरची खरी ढाल त्या कासेत होती, आणि मी नसलेला विषाणू धुण्याच्या नादात कोकराला कासेपासूनच तोडलं होतं. हा प्रश्न मी परीक्षेत काढतो. चुकीचं उत्तर लिहिणाऱ्यांचे मार्क कापतो.

अक्कानं मेंढीला भिंतीशी दाबून धरलं आणि मी कोकराचं तोंड सडाला लावलं. मेंढीनं पान्हा चोरला. मग अक्कानं स्वतः पिळायचा प्रयत्न केला. कोवळे, लहान सड, मेंढी लाथा झाडत होती. कसाबसा चमचा-दोन चमचे चीक वाटीत आला. तो आम्ही बोटानं कोकराला चाटवला.

"एवढ्यानं भागायचं न्हाय," अक्का म्हणाली. "तिनं सोडलं पायजे."

दुपारी बायको जेवायला घरी आली. पोर्चमध्ये चंदन, फिनेल आणि मेंढी यांचा एकत्र वास. तिनं कोकराकडं बघितलं. "माझी पावडर?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. तिनं डबा उघडून तिघांसाठी आमटी गरम केली, आणि आम्ही पोर्चमध्येच, मेंढीवर नजर ठेवून जेवायला बसलो.

अक्का आमटीत भाकरी कुस्करत म्हणाली, "तू ज्येला एवढा भ्यालास, त्यो जंतू शिरतो तरी कसा? गेल्या साली माजी मेंढरं माज्या डोळ्यांदेखत गेली. मी रोज बगत हुते. मला काय शिरताना दिसला न्हाय."

या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं मी फळ्यावर काढत आलो होतो. एक छोटा काटेरी गोल, एक मोठा गोल, मध्ये बाण. 'विषाणू पेशीत शिरतो.' पोरं वहीत बाण काढायची, मीही पुढं जायचो. त्या बाणात काय आहे हे मी स्वतः पहिल्यांदा नीट वाचलं ते अक्काचा कळप आजारी पडला तेव्हा. वाचून रात्री झोप लागली नव्हती. भीतीनं नाही. असं काहीतरी आपल्या नाकासमोर सतत घडतंय आणि आपण त्याला एका बाणात उरकत होतो, या चमत्कारिक भावनेनं.

मी आमटीच्या वाटीकडं बोट दाखवलं. वर तेलाचे गोल गोल डोळे तरंगत होते. "हे दोन डोळे बघ. शेजारी शेजारी आहेत, पण एक होत नाहीत. मध्ये पाण्याची फट आहे. पेशी म्हणजे असाच चरबीच्या पातळ सायीत गुंडाळलेला थेंब. विषाणूही तसाच, तिच्यापुढं मोहरीएवढाही नाही. नुसता येऊन चिकटला म्हणून आत जात नाही. दोन्ही सायी एक व्हाव्या लागतात."

मी चमच्याच्या टोकानं दोन डोळे जवळ दाबले. ते एकमेकांवर टेकले, क्षणभर तसेच राहिले, आणि अचानक त्यांचा एकच मोठा डोळा झाला.

"अगं बाई," अक्का म्हणाली.

"पण तिथं चमचा कोण धरतो?" बायकोनं विचारलं. तिचे प्रश्न असेच असतात.

"तीच तर गंमत आहे. चमचा त्यानं अंगावरच आणलेला असतो." मी जेवण बाजूला ठेवलं. "या रोगाच्या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एक चाचपणारा. दुसरा म्हणजे ताणून, मुडपून, अडकवून ठेवलेली कळ. विषाणूला पाय नाहीत, डोळे नाहीत. शिंकेच्या थेंबातून वाहत येतो, याला धडक, त्याला धडक. शेकडो पेशींना घासून जातो, काही होत नाही. मग एखाद्या पेशीच्या अंगावर त्याला हवी ती खूण लागते. रिसेप्टर म्हणतात त्याला. ती खूण काय विषाणूसाठी ठेवलेली नसते हो. रोगाशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना ओळखायला ती वापरतात. हा बेटा नेमकी तीच धरतो. चाचपणारा काटा खुणेवर बसला की जरासा कलतो. तो कलला की शेजारची कळ सुटते."

"सुटते म्हंजे?"

"ताडकन लांब होते आणि तिचं टोक पेशीच्या सायीत रुततं. आता एक टोक विषाणूत, एक पेशीत. मग ती मधोमध दुमडते, चिमट्यासारखी. अशा अनेक कळा एकदम दुमडल्या की दोन्ही सायी ओढल्या जाऊन एकमेकींना टेकतात, मधलं पाणी बाजूला सरतं, आणि..." मी वाटीकडं बोट केलं. "एक डोळा. मध्ये भोक पडतं आणि आतला ऐवज पेशीत उतरतो. कळ एकदाच सुटते. परत ताणता येत नाही. खुणेच्या आधी चुकून सुटली, तर तो विषाणू फुकट गेला. म्हणून ती थांबते. बरोबर खूण लागेपर्यंत."

"सगळे असंच करतात?" बायको.

"नाही. फ्लूचा विषाणू स्वतःला गिळू देतो. पेशी त्याला पिशवीत घालून आत घेते, पिशवीतलं पाणी आंबट करते, आणि तो आंबटपणाच त्याच्या कळीला इशारा होतो. कळ तशीच, ती सोडणारं बोट वेगळं."

अक्का विचारात पडली होती. "मेंदू असतो त्येला?"

"नाही गं. मेंदू कुठला? धड जिवंत म्हणावा का, यावर माणसं भांडतात."

"म्हंजे दार फोडत न्हाय त्यो."

"नाही. दाराचाच होऊन जातो. आणि ती वरची चरबीची साय आहे ना, ती त्याची स्वतःची नसतेच. ज्या पेशीतून बाहेर पडतो तिचीच पांघरून निघतो."

अक्काचा घास हातातच राहिला. "मेलेल्या कोकराचं कातडं."

"काय?"

"एखादीचं कोकरू मेलं अन् दुसरं कुनाचं पोरकं असलं, की मेल्याचं कातडं काडून पोरक्याच्या अंगावर घालत्यात. मेंढी हुंगती. तिला आपलंच वाटतं. मंग पान्हा सोडती. माजा सासरा करायचा." ती कोकराकडं बघत राहिली. "पर हितं मेलंय कुटं? कातडं आनायचं कुटनं? साबन लावलेल्या कोकराला काय करायचं, ते मला कुनी शिकवलं न्हाय. असं कुनी केलंच न्हाय कधी."

आणि इथं, आयुष्यात एकदाच असेल, माझं डोकं वेळेवर चाललं. "अक्का, वार पडली का तिची?"

आम्ही तिघांनीही मेंढीकडं बघितलं. वार, म्हणजे पोटात कोकराला जोडून असलेली नाळेची गादी, अजून पडायची होती. मी सगळं घासून टाकलं होतं, पण घासायला अजून शिल्लक होतं तिच्या पोटात.

मग वाट बघणं सुरू झालं. अक्कानं ओल्या फडक्यानं कोकराच्या अंगावरची पावडर पुसून काढली, चंदन जाईल तेवढं घालवलं आणि त्याला स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून धरलं. मध्ये मध्ये ती त्याच्या तोंडात बोट घालून बघायची, तोंड गार पडत नाही ना. बायकोनं बँकेत फोन करून अर्धी रजा टाकली. कारण काय सांगितलं ते मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. समोरच्या काकू दोनदा चहा देऊन गेल्या. मला मेंढीपासून लांब, गेटाशी बसवलं होतं, कारण माझ्या हातांना अजून चंदन होतं. मी तिथून उगाच विचारायचो, "पडली का?" आणि अक्का हातानंच मला खाली बस म्हणायची.

उन्हं कलली. कोकराचं ओरडणं बारीक होत चाललं. मला वाटायला लागलं की मेंढीचंही दार केव्हातरी बंद होत असेल. आई होण्याची जी वेळ तिच्या अंगात उघडली असेल, ती किती उघडी राहते हे मला माहीत नव्हतं आणि अक्कालाही नक्की नव्हतं. "काही ऐकत्यात, काही न्हाय," एवढंच ती म्हणाली.

शेवटी मेंढीनं पाठ वाकवली आणि वार पडली. अक्कानं ती झेललीच म्हणा. कोकराला त्यात लोळवलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, कानांत, पोटाखाली, शेपटीच्या बुडाशी जास्त. माझं पांढरंशुभ्र बाळ पुन्हा ओलं, चिकट, लालसर झालं. अक्कानं ते मेंढीपुढं ठेवलं आणि मागं सरकली.

मेंढीनं पाय आपटला.

आम्ही कुणी हललो नाही. तिनं नाक पुढं केलं. कोकराच्या शेपटीपाशी थांबली. तिथं थांबलीच. तिच्या नाकपुड्या हलत होत्या, एवढंच. आणि मग तिच्या घशातून एक आवाज आला. मेंढीचं बें नव्हे ते. तोंड मिटून केलेला, खोल, घुमल्यासारखा. मी मेंढरांच्या घरात जन्मलो, पण तो आवाज इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. तिनं जीभ बाहेर काढली आणि चाटायला लागली. एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबेना. कोकरू धडपडत कासेशी गेलं, चुकलं, मांडीला लुचलं, पुन्हा शोधलं, आणि सापडलं. त्याची शेपूट भिरभिरायला लागली.

"सोडलं," अक्का म्हणाली. "सोडलं बग." तिनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. तो वारेनं भरला होता.

सकाळपासून कास तीच, दूध तेच, कोकरूही तेच होतं. फक्त खूण पुसली गेली होती. ती परत लागली आणि आत ताणून धरलेलं काहीतरी सुटलं. मी गेटाशी उभा राहून बघत होतो. कोकराच्या पोटात आता जे उतरत होतं, त्यात ती प्रतिपिंडं होती. उद्या तो विषाणू आलाच, तर ती त्याच्या चाचपणाऱ्या काट्यावरच जाऊन बसणार. त्याला खूण सापडूनही धरता येणार नाही. कळ ताणलेलीच राहील, आणि तो वाहून जाईल.

तेवढ्यात माझ्या मनात ती शेवटची गोष्ट आली. वाचली होती, पण तोपर्यंत नुसती वाचलेलीच होती. मी पुढं आलो आणि फरशीवर पडलेली वार हातात घेतली. जड, गरम, चिकट.

"अक्का, हे बघ. ही वार तयार होताना आतल्या पेशी एकमेकींत मिसळतात. सायीला साय, त्या तेलाच्या डोळ्यांसारख्या. आणि ते कशानं होतं माहीत आहे? तसल्याच कळीनं. फार फार पूर्वी, मेंढी मेंढीही झाली नव्हती तेव्हा, कुठला तरी विषाणू तिच्या पूर्वजांच्या अंगात शिरला आणि तिथंच राहून गेला. पिढ्यान् पिढ्या. तो विषाणू गेला, त्याची ती जोडायची कळ राहिली. आज मेंढी तीच वापरून पिल्लाला पोटात धरते. म्हणजे ज्या युक्तीनं तुझा कळप नेला, तीच युक्ती या वारेत आहे. तिच्यामुळं हे कोकरू पोटात वाढलं, आणि वाचलंही याच वारेमुळं. एवढी अचूक गोष्ट! डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि बरोबर जागी, बरोबर वेळेला..."

मी बोलतच होतो. वारेचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळत होतं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. समोरच्या काकू गॅलरीत आल्या होत्या. मेंढी चाटता चाटता क्षणभर थांबली. माझ्याकडं, म्हणजे माझ्या हातांच्या वासाकडं बघून तिनं पुन्हा पाय आपटला.

अक्का उठली. माझ्या हातातून वार काढून घेतली, फडक्यात बांधली आणि पुरायला खड्डा काढण्यासाठी बायकोकडं खुरपं मागितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली,

"त्येला मेंदू न्हाय, तरी कुटं हात लावायचा ते कळतंय. तुला मेंदू असून कळंना."